तेलाची दांडी कोण वाचतं

४ जानेवारी

ताई,

फोनवर हे बोलता येत नाही. बाबा शेजारीच बसलेले असतात आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून कागद घेतला.

विषय त्यांच्या गाडीचा. ती गळते. अंगणातल्या फरशीवरचा डाग आधी बशीएवढा होता, आता परातीएवढा झालाय. बाबा दिवसभर तिच्याखाली पाठीवर पडलेले. वर येतात ते कोपरापर्यंत काळे होऊन. तोच हात नळाला, तोच दाराच्या कडीला, तोच टॉवेलला. काल सकाळी दात घासायला ब्रश तोंडात घातला आणि जळक्या तेलाची चव आली. परवा दुकानात एका बाईंना नवा चष्मा लावून दाखवला, तर त्या म्हणाल्या, डाव्या काचेत ढग आहे. ढग कसला, माझ्याच अंगठ्याचा ठसा. घरून निघताना कडी लावली होती ना. मला शिसारी येते, ताई. माझ्या बायकोच्या तर फरशी घासून घासून बोटांची सालं निघालीत.

पुढचं ऑइल सील दोनदा बदलून झालं. क्रँकच्या पुलीमागे बसतं ते रबराचं कडं, तुला सांगायला नको. पहिलं बसवलं, आठवडाभर कोरडं राहिलं, मग पुन्हा गळायला लागलं. दुसऱ्याचंही तेच. ज्यांना अख्खा बाजार सीलवाले म्हणायचा, त्यांच्या दारात ही घाण.

तू त्यांना लिही की गाडी विकून टाका. तुझं ऐकतात. माझं म्हणजे त्यांना चष्मेवाल्याचं बोलणं वाटतं.

छोट्या


१३ जानेवारी

छोट्या,

तुझं पत्र डेपोत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. बसचं काम अर्धवट टाकून लिहितेय, तेव्हा कागदाच्या कोपऱ्यावर माझं बोट उठलं असेल. काडीने उचल हवं तर.

तुझी किळस मला नवी नाही. बाबा गॅरेजमधून घरी यायचे तेव्हा तू ताट उचलून आतल्या खोलीत जायचास. त्याच तेलावर तू शिकलास आणि चष्म्याचं दुकान थाटलंस. आता तेच तेल दारात सांडलं तर लगेच गाडी नको. उद्या गाडीवाला नको होईल. मला तेलाची नाही, तुझ्या या नाक मुरडण्याची शिसारी येते.

आता कामाचं. दोन सीलं लागोपाठ गेली, म्हणजे दोष सीलचा नसणार. आणि जिथे थेंब पडतो तिथेच गळत असतं असं नाही. पंखा तेल उडवतो, ते ओघळत खाली येतं आणि भलतीकडून टपकतं. इंजिन धुवून कोरडं करा. त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरा, गाडी थोडा वेळ चालू ठेवा आणि सगळ्यात वर कुठे भिजतंय ते बघा. पुलीपाशीच भिजत असेल, तर इंजिनाचा दम कोंडतोय का बघा. आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, ब्रीदर, तुंबली की आत दाब वाढतो आणि धडधाकट सीलही तेल बाहेर टाकतं. शिवाय तेलाची दांडी बाहेर काढून बघा. तिच्यावर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे हवं. कमी नको, जास्तही नको.

हे बाबांना वाचून दाखव. गाडी विका असं मी लिहिणार नाही. आई गेल्यावर त्या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलंय.

ताई


२४ जानेवारी

पोरी,

आशीर्वाद आहेतच, ते लिहीत बसत नाही. सोबतच्या पुडक्यात दोन जुनी सीलं आहेत. तिसरं परवा बसवलं.

तू सांगितलंस ते सगळं केलं. सुनेचा पावडरीचा अख्खा डबा संपवला. तिने दार जरा जोरात लावलं, एवढंच. ओली रेघ पुलीच्या मागूनच निघते. ब्रीदर काढून फुंकला, वारा आरपार जातो. तेलाची दांडी तुझा भाऊ वाचतो. नवं तेल पाण्यासारखं असतं, दांडीवर मला नीट दिसत नाही, म्हणून त्याला हाक मारतो. दुकानाला जायच्या आधी तो येतो, बाही वर करतो, दांडी पुसतो, आत घालतो, काढतो आणि सांगतो, "बाबा, बरोबर मधोमध." रोज. या पोराने जन्मात कधी बॉनेटखाली डोकं घातलं नव्हतं. या गळतीने एवढं एक चांगलं केलं.

बाकी चांगलं नाही. दोष गाडीत नाही, माझ्या हातात आहे. सील बसवणं म्हणजे काय, चारी बाजूंनी सारखं आत गेलं पाहिजे, रबराच्या ओठाला ओरखडा नको, आतली बारीक स्प्रिंग सुटायला नको. डोळे मिटून बसवायचो मी. आता जीव लावून बसवतो आणि गळतं. परवा मधेच थांबून हात पालथे-उताणे करून बघत बसलो. या हातांची मलाच किळस आली. लोकांच्या गाड्यांचं तेल थांबवलं, स्वतःच्या गाडीचं थांबवता येत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो आता. शर्टाची बटणं सुनेसमोर लावत नाही.

तिसऱ्या सीलच्या वेळी जुनं तेल काढलं, तर माझा पाच लिटरचा पसरट डबा भरून वरून वाहिला. सगळं अंगण काळं. डबा आधी रिकामा करायला विसरलो असणार. म्हणजे हातांपाठोपाठ डोकंही चाललं. तुझ्या भावाने नाकाला रुमाल बांधून निमूट पुसून काढलं.

सीलं बघ आणि हात कुठे चुकतोय ते सांग. तू खरं सांगशील.

बाबा


५ फेब्रुवारी

छोट्या,

बाबांचं पत्र आलं. ओळी कागदाच्या कडेला जाऊन कापल्या गेल्यात, अर्धे शब्द मी अंदाजाने वाचले. मला वाटलं, खरंच हात गेले.

मग सीलं बघितली. भिंग लावून बघितली, आमच्या फोरमनलाही दाखवली. ओठ अखंड. स्प्रिंग जागच्या जागी. बाहेरच्या कडेवर ठोकल्याच्या खुणा सगळीकडे सारख्या, जणू मशीनने बसवलंय. फोरमन म्हणाला, "ज्यांनी बसवलं त्यांना इकडे बोलवा." थरथरत्या हाताचं हे काम नव्हे.

म्हणून त्या डब्याचा विचार करत बसले. काम झालं की बाबा डबा धुवून भिंतीला उपडा टेकवून ठेवतात, मला कळायला लागल्यापासून. तो भरलेला राहूच शकत नाही. त्यांच्या गाडीत चार लिटरही तेल मावत नाही. आणि गाडी गळते म्हटल्यावर तेल कमी व्हायला हवं. इथे ते पाच लिटरच्या डब्यातून उतू जातंय. तेल जास्त झालं की क्रँकचा फिरणारा दांडा ते घुसळतो, फेस होतो, दाब चढतो आणि मग सील कितीही चांगलं असो, तेल वाट काढतंच. हे बाबांनी आपल्याला जेवता जेवता सांगितलेलं आहे, तू ताट घेऊन आत जायच्या आधी.

दांडी तू वाचतोस. जे खुणेच्या कितीतरी वर आहे ते तुला मधोमध कसं दिसतं? लोकांचे नंबर काढतोस तू.

मी बाबांना अजून काही कळवलं नाही. आधी तू मला लिही.

ताई


१९ फेब्रुवारी

छोट्या,

तू लिहिलं नाहीस. बाबांचं कार्ड आलंय. चौथं सील आणू की एखादा मेकॅनिक बोलवू, असं विचारतायत.

बाबा विचारतायत, मेकॅनिक बोलवू का. तुझं उत्तर आलं नाही तर मी रजा टाकून येते, आणि अंगणात सगळ्यांसमोर दांडी वाचते.

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

हो, तेल मी ओततो. डबा दुकानात काउंटरखाली ठेवलाय. नवं सील बसलं की चार दिवस जाऊ देतो, मग ते आंघोळीला गेले की ओततो. आणि त्यांनी हाक मारली की जाऊन मधोमध सांगतो. आता थुंकून झालं असेल तर पुढचं वाच.

थंडी सुरू होताना आम्ही बाजारातून येत होतो. गाडी बाबा चालवत होते, मी शेजारी. वळणावर डाव्या कडेने आपला इस्त्रीवाला सायकलवर कपड्यांचं गाठोडं घेऊन चालला होता, भर उजेडात. बाबांनी त्याला उडवलं. ब्रेक नाही, गाडी वळवली नाही, काही नाही. म्हणाले, "रस्ता फार खराब झालाय." मी ओरडून गाडी थांबवली. त्याचं मनगट भलतीकडे वळलं होतं आणि लोकांचे पांढरे शर्ट गटारात. मी त्याला उचलत होतो आणि बाबा खिडकीतून म्हणाले, "मागून आला असेल." मला तेव्हा त्यांची किळस आली, ताई. वडलांची. तेल त्यापुढे काहीच नाही.

मी दुकानात त्यांचे डोळे तपासले, मग डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, नळीतून बघावं तसं. दोन्ही बाजूंचं जग संपलंय. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली रोज थेंब घातले तर टिकते, आणि थेंब ते घालत नाहीत. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मला आईची शपथ घातली. "पोरगी माझ्या हाताखाली शिकलीय. तिच्यापुढे मला आंधळा करू नकोस." मी चावी मागितली. म्हणाले, "घे की. आणि उद्यापासून घासही तूच भरव." दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी घेऊन गेले.

तू लांबून लिहितेस, त्या माणसाकडे तेवढंच उरलंय. इस्त्रीवाल्याकडे काय उरलंय ते बघायला आलीस का? गळकी गाडी ते रस्त्यावर काढत नाहीत, त्यांना त्याची लाज वाटते, हे मला ठाऊक होतं. म्हणून गळवली. वाटलं, वैतागून गाडीचा नाद सोडतील. त्यांनी स्वतःचाच नाद सोडला. ते मला दिसत होतं. दिसत असून मी रोज बाही वर करून मधोमध म्हणत होतो आणि ते म्हणायचे, "शाबास." दुकानात गेलो की पहिल्यांदा हात धुतो. मग पुन्हा धुतो. वास जात नाही.

छोट्या


६ मार्च

छोट्या,

ओळी कागदाबाहेर का गेल्या ते आता कळलं. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. इस्त्रीवाल्याचं मनगट कसं आहे ते पुढच्या पत्रात लिही.

शपथ मोडलीस ते बरं केलंस. पण त्याने बाकीचं धुऊन निघत नाही. त्यांचे डोळे गेलेत आणि हात चांगले आहेत. तू त्यांना बरोबर उलटं पटवून दिलंस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली काढली असती. भाऊ आहेस म्हणून नुसतं ओशाळल्यासारखं होतं, आपल्याच घरात काहीतरी कुजलंय आणि वास लपवायला खिडक्या लावून बसलोय असं.

त्यांना दोन्ही सांगावं लागेल, तू तेल ओतलंस ते आणि डोळ्यांचं मला कळलंय ते, आणि तूच सांगायचं. मी सांगितलं तर ते ऐकतील, पण तुझ्याशी जन्मभर वरवर गोड बोलत राहतील, आणि ते काही खरं नाही. आधी जास्तीचं तेल काढ, त्यांच्या समोर. सीलला हात लावू नका. इंजिन पुसून गाडी चालू कर, खाली कोरडा पुठ्ठा ठेव. त्यांना त्यांचे हात आधी परत मिळू देत. डोळ्यांचं नंतर बोल.

गाडी रस्त्यावर येता कामा नये, यात मी तुझ्या बाजूने आहे. बाकी कशात नाही.

ताई


१८ मार्च

ताई,

सांगितलं.

दुकान बंद ठेवलं आणि सकाळी म्हटलं, "बाबा, तेल जास्त झालंय, काढू या." म्हणाले, "काल तर मधोमध म्हणालास." मी गाडीखाली आडवा झालो आणि खालचा बोल्ट सोडला. माझी ही पहिलीच वेळ. तेल बाहीतून काखेत गेलं. आत उलटी दाबून मी डबा धरून राहिलो. वरून बाबा सांगत होते, "तोंड बाजूला कर, तोंड बाजूला." डबा काठोकाठ भरला. मग दांडीच्या दोन खुणांच्या मधे येईल एवढंच परत घातलं आणि गाडी चालू केली.

बाबा उकिडवे बसून पुठ्ठ्याकडे बघत राहिले. इंजिन चांगलं तापलं तेव्हा गाडी बंद करायला लावली, पुलीमागे बोट घालून फिरवलं आणि डोळ्यांपाशी आणलं. बोट कोरडं होतं. ते हसले. म्हणाले, "सील बसलं होतं की रे. जास्त तेल कुणी घातलं?"

"मी."

"चुकून?"

"नाही. प्रत्येक सीलच्या वेळी."

"आणि दांडी?"

"खोटं सांगत होतो."

मग इस्त्रीवाल्याचं बोललो, डोळ्यांचं बोललो, तुला कळवलंय हेही बोललो. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. उठले, नळाखाली बसले आणि साबण लावून हात धुतले, नखांच्या आतपर्यंत. त्यांचे इतके स्वच्छ हात मी कधी पाहिले नव्हते. मी टॉवेल पुढे केला. तो घेतला नाही, शर्टाला पुसले.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. थेंबांच्या बाटलीवरचं मी वाचून दाखवलं, तर बाटली घेऊन शेजारी गेले आणि त्यांच्याकडून वाचून आणलं. ही म्हणते, निदान थेंब तरी घालतायत. इस्त्रीवाल्याचं हाड जुळलंय, पण उजव्या हाताने जड इस्त्री उचलवत नाही, डाव्याने करतो. बाबा एकटे भिंतीला हात लावत त्याच्याकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. काल हिला म्हणाले, "मला पोरीकडे जायचंय."

उद्या सकाळी, या पत्राच्या आधीच, तुझ्याकडे पोचतील. मी त्यांना बसमध्ये बसवून खाली खिडकीपाशी उभा राहिलो. ते सरळ समोर बघत होते. माझ्याकडे बघायचं नव्हतं, की मी त्यांना दिसेन अशा जागी उभाच नव्हतो, ते मला कळलं नाही.

छोट्या


९ एप्रिल

छोट्या,

अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, बोलणं माझं. मी सांगतो तेच लिहिते का, हे नंतर डेपोतल्या टाइमकीपरकडून वाचून घेणार आहे. ती चिडलीय, पण लिहितेय. माणसाने पोटच्या पोरीचं लिहिणं तपासावं, याची मलाच घाण वाटते. पण त्याशिवाय आता झोप लागत नाही.

इथे सकाळी तिच्याबरोबर डेपोत जातो. एका बसचं सील बसवलं. फोरमन दिवा धरायला आला, त्याला म्हटलं, दिवा दुसऱ्या कुणाला दाखव. ती बस तेव्हापासून कोरडी आहे. तेव्हा हातांचं राहू दे.

इस्त्रीवाल्याने मला बसायला स्टूल दिलं. म्हणाला, "तुम्ही म्हणालात ना, मी मागून आलो. मी तुमच्या पुढे होतो." मी म्हटलं, हो. आणखी काय बोलणार. तो डाव्या हाताने कॉलर दाबत होता आणि ती नीट बसत नव्हती. ते बघून आलो, तेव्हापासून गाडीच्या सीटवर बसायचं मनात आलं तरी अंगावर काटा येतो. गाडी विकून टाक. भंगारात घालू नकोस, तिला काही झालेलं नाही. जे पैसे येतील ते इस्त्रीवाल्याच्या हातात नेऊन दे. तो नको म्हणेल, तरी ठेवून ये.

तू गाडी थांबवलीस त्याचा राग नाही. चावी हिसकावून घेतली असतीस तर मी शिव्या घातल्या असत्या, वर्षभर तोंड फुगवलं असतं आणि गप्प झालो असतो. मला काय दिसतं नि काय नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून तुला हाक मारली आणि तू मला खोटं वाचून दाखवलंस. मी ते इकडे पोरीला आनंदाने लिहून कळवलं. ते आठवलं की घास वर येतो. हे कधी जाईल ते मला माहीत नाही. जाईल म्हणून आत्ताच लिहून देत नाही.

पुढच्या महिन्यात डोळे पुन्हा दाखवायचेत, तिथल्याच डॉक्टरांना. मी येतोय. तपासायला तुझ्या दुकानात बसणार नाही आणि डॉक्टर काय म्हणतात ते आत एकटा ऐकेन. पण स्टँडवर उतरवून घ्यायला तू ये. रस्ता ओलांडायला कुणीतरी लागतं. हात धरू नकोस आणि बाजूने चालू नकोस, बाजूचं मला दिसत नाही. माझ्या पुढे चाल.

बाबा